सोने गेले, चाल राहिली

बार्शीच्या जुन्या बाजारपेठेतील एका अडत दुकानामागच्या घरात, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, दोन भाऊ वाटणीसाठी बसले होते. वडिलांना जाऊन वर्ष उलटले होते. थोरले बार्शीतच पेढी सांभाळत होते आणि धाकटे पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाच्या व्यापारात स्थिरावले होते. भांडण असे काही नव्हते. जमीन, दुकान आणि बँकेतील ठेवी यांचा हिशेब आधीच कागदावर उतरला होता. उरली होती ती तिजोरीतील चीजवस्तू आणि एक अवघड प्रश्न. दुकानामागच्या दोन खोल्यांत पेढीच्या जुन्या मुनिमांच्या पत्नी चाळीस वर्षांपासून राहत होत्या. त्या खोल्या त्यांच्याच, असे वडील अनेकदा बोलून दाखवत. कागद मात्र एकही नव्हता.

"दादा, कागद नाही तर हक्क कसला? उद्या दुकान विकायचे झाले तर घेणारा हेच विचारील," धाकट्यांनी म्हटले. थोरल्यांना ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. विषय तसाच बाजूला ठेवून सराफांना आत बोलावण्यात आले.

बांगड्या, गोफ, चांदीची ताटे असे एकेक तोलून झाल्यावर तिजोरीच्या तळाशी एक जुनी रेशमी थैली निघाली. तिच्यात अप्पांचे, म्हणजे आजोबांचे, साखळीचे घड्याळ होते. 'अप्पांचे सोन्याचे घड्याळ' ही त्या घरातील एक आख्यायिकाच होती. दोन्ही भावांनी लहानपणी ते एकदोनदाच पाहिले होते. अप्पा गेल्यानंतर वडिलांनी ते तिजोरीत ठेवले आणि स्वतः आयुष्यभर एचएमटीचे मनगटी घड्याळ वापरले.

सराफांनी घड्याळ हातात घेतले, झाकण उघडले आणि नेहमीच्या सवयीने म्हटले, "मशीन काढून ठेवू. नुसती केस तोलू."

त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. सोने तारण ठेवताना किंवा मोडताना हाच रिवाज आहे. काट्यावर धातू चढतो. त्याच्या आत काय चालत होते आणि किती वर्षे चालत होते, याचे वजन होत नाही. सोन्याचे भाव चढत गेले तशी अशी कितीतरी घड्याळे मुशीत गेली. केसची लगड झाली आणि मशीन एखाद्या पत्र्याच्या डब्यात पडले.

या घड्याळावर मात्र ती वेळ आली नाही. सराफांनी बिजागरीजवळची कड कसोटीवर घासली, तेजाबाचा थेंब सोडला आणि मान हलवली. "शेठ, हे सोने नाही. पितळेवर सोन्याचा पत्रा आहे." विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा केसेस मोठ्या प्रमाणावर निघत. पितळेच्या पाटाला सोन्याचा पातळ पत्रा जोडून तो रुळांतून दाबत आणि त्यातून केस घडवीत. मुलाम्यापेक्षा हा थर बराच जाड असे. काही कारखाने तर हा थर दहा किंवा वीस वर्षे टिकेल अशी हमीच झाकणाच्या आत ठोकत. अप्पांच्या घड्याळाची केस खिशात घासून कडेला पितळी झाली होती. इतकी वर्षे ती कड कोणी नीट पाहिलीच नव्हती.

खोलीत क्षणभर शांतता पसरली. अप्पा फसले की अप्पांनी घरच्यांना फसवले, असा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात आला. यादीतील 'सोन्याचे घड्याळ' या ओळीपुढे किमतीच्या रकान्यात शून्य लिहिले गेले. धाकटे हसून म्हणाले, "तुम्हीच ठेवा, दादा. वाटणीत धरायला नको."

थोरल्यांनी घड्याळ खिशात टाकले. अप्पांच्या नावाला लागलेले ते शून्य मात्र त्यांना दिवसभर बोचत राहिले.

*

साखळीचे घड्याळ बार्शीसारख्या गावात केवळ हौसेपोटी आले नव्हते. त्याला आगगाडीने आणले. कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतची अडीच फुटी रुळांची 'बार्शी लाइट' 1897 मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती बांधली. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. तोपर्यंत बाजार सूर्य पाहून उघडे आणि दिवेलागणीला मिटे. गाडी आल्यावर माल वेळेत स्टेशनवर पोहोचवणे, डबा मिळवणे, बिल्टी हाती घेणे आणि ती त्याच दिवशीच्या टपालाने रवाना करणे या साऱ्याला मिनिटांचा हिशेब आला. गाडी चुकली तर माल एक दिवस पडून राही आणि भाव तेवढ्यात फिरे.

मुंबईला जाणाऱ्या व्यापाऱ्यापुढे आणखी एक अडचण असे. 1 जानेवारी 1906 पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या सुमारे 39 मिनिटे मागे होती आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात चालू राहिली. स्टेशनवर एक वेळ आणि गावात दुसरी. नवखा व्यापारी शहरातल्या घड्याळावर विसंबून बोरीबंदरला पोहोचला, तर त्याला गाडीऐवजी रिकामे रूळ दिसत. त्यामुळे आपल्या खिशात आपली खात्रीची वेळ असणे ही पेढीची गरज होती.

ती गरज भागवणारे व्यापारीही मुंबईत होते. स्वित्झर्लंडच्या फाव्र-लुबा या घराण्याने 1865 मध्येच हिंदुस्थानच्या बाजारपेठेत पाऊल टाकले. वेस्ट एंड वॉच कंपनी 1886 पासूनची. मशीन स्विस, पण डायलवर नाव या कंपनीचे, अशी तिची घड्याळे देशभर गेली. अप्पांच्या घड्याळाच्या पांढऱ्याशुभ्र डायलवरही हेच नाव होते. घरात सांगत, की 1930 च्या सुमारास कापसाच्या सौद्यासाठी मुंबईला गेले असता अप्पांनी ते घेतले.

*

थोरल्यांनी चार ठिकाणी चौकशी केली. बहुतेकांनी "आता याचे पार्ट मिळत नाहीत" म्हणून हात झटकले. शेवटी सोलापुरात नव्या पेठेजवळच्या एका बोळात, चार फूट रुंदीच्या दुकानात बसणाऱ्या वृद्ध कारागिराचा पत्ता लागला. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी घड्याळ कानाशी नेले नाही की त्याला चावीही दिली नाही.

"घरी कोणी चावी दिली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. थोरल्यांनी दोनचार वळसे दिल्याचे कबूल केले. चाचांनी समजावून सांगितले, की वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळात तेल सुकून डिंकासारखे होते. त्यात धूळ मिसळली की ते वंगण न राहता कानसेचे काम करते. असे घड्याळ जबरदस्तीने चालवले तर केसासारखी बारीक टोके झिजतात. बंद घड्याळ मिळाले तर आधी ते उघडून स्वच्छ करावे, चावी नंतर द्यावी.

मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले आणि मशीन दाखवले. चावी दिली की डबीतील पोलादी मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना तिचे बळ चार चाकांतून पुढे सरकते. तसेच सोडले तर सारी चावी काही क्षणांत भर्रकन उतरून जाईल. म्हणून शेवटच्या चाकापुढे दोन दातांचा एक पहारेकरी बसवलेला असतो. तो एका वेळी एकच दाता सोडतो. त्याला ताल देतो तो बॅलन्स, म्हणजे केसासारख्या स्प्रिंगवर इकडून तिकडे झुलणारे चक्र. ही नाजूक हेअरस्प्रिंग घड्याळात बसवण्याची युक्ती डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने 1675 मध्ये जगापुढे मांडली आणि खिशातले घड्याळ तेव्हापासून खऱ्या अर्थाने विश्वासाचे झाले.

अशा घड्याळाचा बॅलन्स सामान्यतः तासाला 18,000 ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला 4,32,000. वर्षाचा हिशेब केला तर आकडा 15 कोटी 76 लाख 80 हजारांवर जातो. इतके ठोके पडायचे तर टेकू तितकेच कठीण हवेत. त्यासाठी माणकाचे छिद्र पाडलेले खडे वापरण्याची कल्पना 1704 मध्ये लंडनमध्ये पेटंट झाली.

"म्हणजे आत खरी माणके आहेत?" थोरल्यांनी विचारले. घरातील बायका तसे सांगत असत.

चाचा हसले. "पंधरा आहेत. पण विकायला गेलात तर चहाचे पैसे निघणार नाहीत." विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नुई याने भट्टीत माणिक तयार करण्याची रीत शोधली आणि घड्याळांसाठी तेच माणिक सर्रास वापरात आले. त्याची किंमत त्याच्या कठीणपणात आणि गुळगुळीतपणात आहे. सोने नाही आणि माणकेही तशी नाहीत, हे ऐकून थोरल्यांच्या चेहऱ्यावरची निराशा लपली नाही. ती पाहून चाचा म्हणाले, "मशीन उत्तम आहे, शेठ. ज्याने घेतले त्याला कळत होते."

*

घड्याळ पाच आठवडे त्यांच्याकडे राहिले. कामाचा क्रम ठरलेला होता. प्रथम मेनस्प्रिंगमधील उरलेली चावी हळूहळू उतरवायची. ती तशीच ठेवून मशीन खोलले तर चाके सुसाट फिरून टोके मोडतात. मग काटे आणि डायल काढायचे, बॅलन्स अलगद उचलून काचेच्या झाकणाखाली ठेवायचा आणि एकेक चाक सोडवत जायचे. प्रत्येक स्क्रू कुठला, हे लक्षात राहील अशा रीतीने मांडायचे. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुवायचे आणि खड्यांची छिद्रे टोकदार लाकडी काडीने, काडी कोरी निघेपर्यंत पुसायची. जोडताना तेल द्यायचे ते सुईच्या टोकावर मावेल एवढेच. जास्त तेल पसरते आणि पुन्हा धूळ धरते. हेअरस्प्रिंगला तर तेलाचा स्पर्शही नको.

तपासणीत दोन मोठे दोष निघाले. मेनस्प्रिंग थकून बसली होती आणि बॅलन्सच्या दांड्याचे एक टोक मोडले होते. स्प्रिंग नवी घालता आली. दांड्यासाठी चाचांनी आपल्या डब्यांतली जुनी मशीने धुंडाळली आणि त्याच जातीच्या एका मृत मशीनमधून तो मिळवला. मोडलेला दांडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून परत दिला आणि पुडीवर काय बदलले ते लिहिले.

थोरल्यांनी मधल्या भेटीत एक इच्छा व्यक्त केली. केसला पुन्हा सोन्याचे पाणी द्यावे, सातच्या आकड्याजवळ डायलला गेलेली केसाएवढी चीर बुजवावी आणि आकडे नव्याने रंगवावेत. घड्याळ नव्यासारखे दिसले म्हणजे घरातला तो शून्याचा डागही पुसला जाईल, असे त्यांच्या मनात असावे.

चाचांनी नकार दिला. डायल एनॅमलची होती. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून ती बनते आणि शंभर वर्षांतही पिवळी पडत नाही. तिच्यावर रंग फासला की ती कायमची गेली. बाजारात अशी रंगवलेली, चार घड्याळांचे भाग एकत्र करून उभी केलेली घड्याळे मूळची म्हणून खपतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी एवढेच विचारले, "शेठ, जुन्या रोजकीर्दीत एखादी नोंद वाईट दिसते म्हणून कोणी ती खोडून नवी लिहितो का?"

व्यापाऱ्याला यापुढे अधिक सांगण्याची गरज नव्हती. दुरुस्ती आणि खाडाखोड यांतला भेद वहीत जसा असतो तसाच घड्याळातही असतो. जे अडले आहे ते चालते करावे, मळ काढावा, मोडलेले बदलावे आणि बदलल्याची नोंद ठेवावी. झीज मात्र तशीच राहू द्यावी. ती वापराची साक्ष असते.

*

ती साक्ष किती बोलकी असते, हे पुढच्याच भेटीत कळले. चाचांनी निरोप पाठवून थोरल्यांना बोलावून घेतले आणि त्यांच्या हाती भिंग दिले.

घड्याळ दुरुस्त करणारे जुने कारागीर आतल्या बाजूला कुठेतरी बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष कोरून ठेवत. पुन्हा तेच घड्याळ आले तर आपण ते केव्हा साफ केले होते हे कळावे, एवढाच हेतू. अप्पांच्या घड्याळात अशा खुणा दोन ठिकाणी होत्या. डायलखालच्या पितळी पट्टीवर पाच होत्या: 1934, 1937, 1941, 1944 आणि 1948. मागच्या झाकणाच्या आत वेगळ्या हाताने कोरलेल्या आणखी चार होत्या: 1952, 1955, 1959 आणि 1962. त्यानंतर काही नव्हते. 1963 मध्ये अप्पा गेले होते.

तीन-चार वर्षांनी, न चुकता, अठ्ठावीस वर्षे हे घड्याळ साफ होत आले होते. यापुढची गोष्ट मात्र चाचांनी जरा थांबून सांगितली. मशीन केसमध्ये दोन स्क्रूंनी धरलेले असते आणि त्या स्क्रूंची डोकी केसच्या कडेवर दाबाच्या खुणा उमटवतात. या केसवर अशा खुणांच्या दोन जोड्या होत्या. एक आताच्या मशीनची आणि एक दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनची. केस दुसऱ्या घड्याळाची होती. "मशीन आधी दुसऱ्या केसमध्ये होते. 1948 आणि 1952 यांच्या दरम्यान केस बदलली. पहिली कसली होती ते मी सांगू शकत नाही."

ते सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते. अप्पांची धाकटी मुलगी, भावांची आत्या, सोलापुरातच दिली होती. वय ब्याऐंशी, कान थोडे मंद, स्मरण लख्ख. थोरले तिथून थेट तिच्याकडे गेले आणि त्यांनी सारी हकीकत सांगितली.

आत्याने घड्याळ तळहातावर घेतले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादाला ठाऊक होते. तुमच्या बाबांना. त्यांनी कधी सांगितले नाही?"

1952 च्या आरंभी तेलबिया आणि कापूस यांचे भाव एकाएकी कोसळले होते. कोरियाच्या युद्धामुळे चढलेला बाजार उतरला आणि चढ्या भावाने माल भरून बसलेल्या अनेक पेढ्या बुडाल्या. अप्पांच्या कोठारातही शेंगदाणा भरलेला होता. पेढीवर गावातल्या पुष्कळ लोकांच्या ठेवी असत. विधवा बायका, शाळामास्तर, हमाल असे लोक विश्वासाने पैसे ठेवत. पुष्कळांच्या ठेवीला वहीतल्या एका ओळीपलीकडे कागद नसे आणि काहींची तर तीही नसे. केवळ शब्द होता. अप्पांनी त्या चार महिन्यांत एकेकाला बोलावून रक्कम परत केली. त्यासाठी घरातील दागिने गेले, गावाबाहेरचा मळा गेला आणि शेवटी घड्याळाची केस गेली. ती खऱ्या सोन्याची होती.

"मी नऊ वर्षांची होते," आत्याने सांगितले. "सराफ म्हणाला, घड्याळ अख्खेच द्या, मशीनचेही काही पैसे देतो. अप्पा नाही म्हणाले. केस काढून दिली आणि मशीन रुमालात बांधून घरी आणले. काही दिवसांनी ही जुनी केस कुठूनशी मिळवून त्यात बसवले. आईने विचारले, एवढे सगळे गेले, मग हे कशाला ठेवले? तर म्हणाले, सोने लोकांच्या पैशाने घेतले होते, ते लोकांना गेले. वेळ तरी माझी राहू दे."

पुढची दहा-अकरा वर्षे ते घड्याळ त्या घरात कसे वागवले गेले, हेही तिने सांगितले. पहाटे अप्पा सामायिकाला बसत तेव्हा ते समोर पाटावर असे. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. लहान मुलांना काट्याकडे पाहून तो मोजायला अप्पांनीच शिकवले होते. सामायिक झाले की रोज त्याच वेळी घड्याळाला चावी. दिवसा ते सदऱ्याच्या खिशात आणि रात्री भिंतीवरच्या खुंटीला, उभे. लोक त्याला सोन्याचे घड्याळ म्हणत राहिले. अप्पांनी ते कधी खरे म्हटले नाही आणि कधी खोडलेही नाही. आपण काय विकले हे सांगितले असते, तर ज्यांना पैसे दिले त्यांना ते घेताना जड गेले असते.

*

घड्याळ तयार झाले तेव्हा चाचांनी ते आठ दिवस वेगवेगळ्या स्थितींत ठेवून तपासले होते. डायल वर, डायल खाली, चावीचे टोक वर. उभ्या आणि आडव्या घड्याळाची चाल थोडी वेगळी पडते, म्हणून ही तपासणी लागते. बॅलन्सजवळच्या बारीक काट्याने त्यांनी चाल जुळवली. आता ते चोवीस तासांत सुमारे वीस सेकंद पुढे जात होते.

थोरल्यांना तेवढाही फरक खटकला. चाचांनी त्यांना रेल्वेच्या घड्याळांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत ओहायो राज्यातील किप्टन येथे 1891 मध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडले होते, असे कारण पुढे आले. त्यानंतर वेब बॉल या क्लीव्हलंडच्या घड्याळ व्यापाऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवण्यात आली आणि आठवड्याला तीस सेकंदांहून अधिक चूक चालणार नाही, असा कडक दंडक पडला. "ते नव्या घड्याळांसाठी होते," चाचा म्हणाले. "हे नव्वदी ओलांडलेले आहे."

बार्शीला परतताना थोरल्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. दिवसाचे 86,400 सेकंद आणि त्यांत वीसची चूक. शंभर रुपयांच्या व्यवहारात अडीच पैशांहूनही कमी. इतका चोख हिशेब ठेवणारे किती जण आहेत, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा.

निघताना चाचांनी चार सूचना दिल्या होत्या. चावी रोज एकाच वेळी द्यावी आणि अडल्यावर जोर करू नये. रात्री घड्याळ उभे टांगावे. लोहचुंबक असलेल्या वस्तूंपासून, स्पीकर आणि मोबाइल यांच्यापासून दूर ठेवावे. हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतेच पुढे पळू लागते. आणि चार वर्षांनी, चालत असले तरी, साफ करून घ्यावे. थोरल्यांच्या विनंतीवरून त्यांनी झाकणाच्या आत, 1962 च्या खाली, यंदाचा महिना आणि वर्ष बारीक अक्षरांत कोरले होते.

त्या रात्री पुण्याला दूरध्वनी गेला. थोरल्यांनी काही समजावले नाही की कसला आग्रहही धरला नाही. पट्टीवरच्या खुणा, झाकणातल्या खुणा, आत्याचे बोलणे, सारे जसेच्या तसे सांगितले. धाकट्यांनी मध्ये एकदाच विचारले, "बाबांना हे ठाऊक होते?" हो म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

आठवड्याने वकिलांकडून वाटणीपत्राचा सुधारलेला मसुदा बार्शीला आला. दुकानामागच्या दोन खोल्या मुनिमांच्या पत्नीच्या नावे करून देण्याचे कलम त्यात होते. ते धाकट्यांनी स्वतः सांगून घातले होते. मुनिमांनीही पेढीवर चाळीस वर्षे शब्दावरच काढली होती, एवढेच त्यांनी वहिनींजवळ बोलून दाखवले.

यादीतली घड्याळाची ओळही बदलली. 'सोन्याचे' हा शब्द खोडण्यात आला. किमतीच्या रकान्यातले शून्य मात्र दोघांनी तसेच ठेवले, कारण त्या ठिकाणी लिहावा असा दुसरा आकडा कोणाला सुचेना. घड्याळ एक वर्ष बार्शीत राहील आणि एक वर्ष पुण्यात, असे ठरले. दिवाळीत वहीपूजन झाले की ते एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. चावी द्यायची वेळ मात्र दोन्ही घरांत एकच राहील, पहाटेच्या सामायिकानंतरची.